चौदा नंबरची सत्त्याऐंशी माणसं

संपादकांचा फोन आला तेव्हा त्यांना माझ्याकडून सिंगापूरचे स्वच्छ रस्ते, तिथली शिस्त आणि च्युइंगमवरची बंदी असा काहीतरी मजकूर हवा होता. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या विशेषांकात परदेशी गेलेल्या आपल्या माणसांची दोन-चार पानं असतात, त्यात बायका कमी पडतात, म्हणून माझी आठवण झाली. मी म्हटलं, च्युइंगमवर लिहिणारे पुष्कळ आहेत. मी आयुष्यभर डिझेल मोजलं, त्यावर लिहिते.  ते म्हणाले, लिहा, पण सामान्य वाचकाला कळेल असं लिहा.

तर आधी कळेल असं सांगते. मी केमिकल इंजिनियर. नागपुरात शिकले आणि विदर्भातल्या एका तेलाच्या डेपोत सात वर्षं नोकरी केली. साडी नेसून टाकीच्या शिडीवर चढणारी बाई म्हणून ट्रक ड्रायव्हर मला बघायला थांबायचे. नंतर मी सलवार-कमीज घालायला लागले आणि त्यांची करमणूक संपली. पुढे नवऱ्याला, म्हणजे मिलिंदला, सिंगापुरात संशोधनाची नोकरी लागली. आम्ही हौगांगला फ्लॅट घेतला, मुलीला शाळेत घातलं, आणि मी रॅफल्स प्लेसला एका मध्यम आकाराच्या कंपनीत रुजू झाले. आजूबाजूच्या उंच इमारतींत सगळ्या बँका, आणि त्यांच्यामध्ये चौदाव्या-पंधराव्या मजल्यावर दोन खोल्यांत आम्ही. जुरोंगच्या टाक्यांमधून तेल भरून घ्यायचं आणि लहान जहाजांनी लहान बंदरांना पोचवायचं, हा आमचा धंदा. मोठ्या कंपन्या जिथे जायला नाक मुरडतात, तिथे आम्ही जायचो.

दोन हजार सालानंतरच्या काही वर्षांत माझ्याकडे अशाच एका शहराचं काम होतं. शहराचं नाव लिहीत नाही. तशी कंपनीची अट होती, आणि आता ती मोडली तरी कोणी विचारणार नाही, पण माझाच हात वळत नाही. ऑफिसात आम्ही त्याला ‘तिकडे’ म्हणायचो. तिकडे युद्ध संपून वर्ष-दीड वर्ष झालं होतं. वीजघर गेलं होतं. त्यामुळे मोटर असलेली प्रत्येक वस्तू जनरेटरवर चालायची आणि प्रत्येक जनरेटर आमच्या डिझेलवर. एका मदत संस्थेने शहरातल्या एकतीस जागांची यादी करून दिली होती. इस्पितळ, पाण्याचे पंप, पिठाच्या गिरण्या, बेकरी, शाळा, तंबूंच्या छावण्या. प्रत्येक जागेला नंबर, प्रत्येक जागी एक लहान टाकी. कोणाला रोज किती द्यायचं हे रॅफल्स प्लेसला बसून मी ठरवायचे. ज्या शहरात मी कधी पाऊल टाकलं नाही, त्याच्या नळाला पाणी किती तास येणार हे माझ्या हातात होतं. मला त्याचा गर्व होता. खोटं कशाला बोलू?

हे ठरवायचं कशावरून, तर डिपवरून. टाकीच्या झाकणातून आत एक पोलादी फीत सोडतात, तिच्या टोकाला पितळी वजन असतं. ते तळाला टेकलं की फीत वर ओढायची आणि कुठपर्यंत ओली झाली ते वाचायचं. विहिरीत दोर सोडून पाणी किती आहे बघावं तसंच. कालची डिप आणि आजची डिप यांतला फरक म्हणजे एका दिवसात जळलेलं तेल. शाळकरी पोराला जमेल असं काम आहे, फक्त त्यासाठी रोज शिडी चढावी लागते. आणि माणसाला शिडी चढायचा कंटाळा येतो. मग तो खालीच बसतो, बिडी ओढतो आणि कालच्यासारखाच फरक आजही लिहून टाकतो. अशी डिप मी दुरून ओळखायचे. विदर्भात एका इसमाचे तीन महिन्यांचे खोटे आकडे मी नुसता कागद बघून पकडले होते. खरा आकडा कधी सरळ नसतो. सणाला वाढतो, पावसात घटतो, लग्नसराईत उड्या मारतो. माणूस रोज सारखं तेल जाळत नाही, हे माझं ठाम मत होतं.

या आकड्यांतून ते शहर मला हळूहळू दिसायला लागलं होतं. सकाळी साडेसातला ऑफिसात पोचायचं, संगणक लावायचा, आणि एकतीस ओळी वाचायच्या. नऊ नंबरच्या बेकरीने अचानक दुप्पट तेल घेतलं की समजायचं, तिकडे सण आलाय. बावीस नंबरच्या सभागृहात कधी नव्हे ते तीस लिटर जळले, तेव्हा मी स्वतःशीच हसले. लग्न होतं. युद्धानंतरचं पहिलं. नवरा-नवरीची नावं मला कधी कळली नाहीत, पण त्या दिवशी मी मिलिंदला फोन करून सांगितलं की आमच्याकडे लग्न झालं.

विचित्र गिऱ्हाइकंही होती. एक सिनेमागृहाचा मालक होता. त्याच्या थिएटरला छप्पर नव्हतं, पडदा नव्हता, आणि फिल्म तर नव्हतीच. त्याला आठवड्याला दहा लिटर हवे होते, दारावरचे दिवे संध्याकाळी तासभर लावायला. दहा वेळा त्याचा अर्ज आला, दहा वेळा मी नाकारला. अकराव्या अर्जात त्याने लिहिलं की समोरच्या गल्लीतली माणसं दिवे लागल्याशिवाय घराबाहेर पडत नाहीत, आणि बाहेर पडली नाहीत तर ती शहर सोडून परत निघून जातील. मी दहा लिटर मंजूर केले. पुढच्या महिन्यात त्या गल्लीतल्या दोन दुकानांनी तेल मागितलं. यादीत मावेना म्हणून मी साहेबांशी भांडले. साहेब म्हणजे मिस्टर कोह, चिनी सिंगापुरी, कमी बोलणारे. त्यांनी सही केली आणि म्हणाले, तुला आवडतंय हे शहर.

तिकडचा डेपो सांभाळणारे एक वयस्कर गृहस्थ होते. सिंगापुरात टॅक्सीवाल्यापासून हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांमध्ये, टेबलं पुसणाऱ्यापर्यंत प्रत्येक वयस्कर माणूस अंकल असतो, तसे तेही आमचे अंकल झाले. सगळ्या शहराच्या डिपा गोळा करून ते रोज सकाळी सॅटेलाइट फोनवर मला सांगायचे. त्या फोनचा एक त्रास होता. आपण बोललेलं पलीकडे पोचायला वेळ लागायचा, आणि कधीकधी आपलाच आवाज फिरून आपल्याला ऐकू यायचा. मी विचारायचे, ‘सात नंबर?’ आणि शांततेतून माझाच आवाज मला विचारायचा, ‘सात नंबर?’ मग मागून अंकलचं उत्तर. सुरुवातीला अंगावर काटा यायचा, नंतर सवय झाली. अंकलचं इंग्रजी मोडकं होतं, पण आकडा मात्र ते कधी चुकायचे नाहीत. मुलगी तिच्या सिंगापुरी ढंगात म्हणायची, ‘मा, तू त्या अंकलशी आमच्यापेक्षा जास्त बोलतेस, लाह.’ खरंच होतं ते.

या यादीत चौदा नंबरला होता बर्फाचा एक बंद पडलेला कारखाना.

मदत संस्थेच्या कागदावर त्या भागाची वस्ती शून्य लिहिलेली होती. युद्धात तो सगळा बंदरालगतचा भाग रिकामा झाला होता. तरी चौदा नंबर रोज तेल घ्यायचा. रोज एकशे नव्वद लिटर. दोन-चार लिटर इकडे तिकडे, बस्स. सण असो, पाऊस असो, चौदाची ओळ सरळ. आणि डिप घेणाऱ्याच्या रकान्यात नाव स्वतः अंकलचं.

माझ्या शीटमध्ये आणखी एक रकाना होता, माणसांचा. इस्पितळात किती रुग्ण, छावणीत किती कुटुंबं, ते कळलं की वाटप ठरवता यायचं. चौदाच्या ओळीत हा रकाना रिकामा होता. मी अंकलना म्हटलं, भरा. दुसऱ्या दिवशी त्यांनी सांगितलं, एकशे बारा. मला आश्चर्य वाटलं. वस्ती शून्य असलेल्या भागात, बर्फाच्या बंद कारखान्यात एकशे बारा माणसं? पण युद्धानंतर लोक कुठेही राहतात. मी आकडा भरला आणि पुढे गेले.

मग तो आकडा खाली यायला लागला. एकशे अकरा. एकशे नऊ. दोन दिवस तोच, मग एकशे सहा. कधीच वाढला नाही. दीड महिन्यात तो सत्त्याऐंशीवर आला, आणि तेल मात्र तेवढंच, एकशे नव्वद. माणसं कमी झाली की तेल कमी लागतं, हे सांगायला इंजिनियर लागत नाही. इथे कुठेतरी पाणी मुरतंय, हे मला तेव्हाच कळलं. म्हणजे, कळलं असं वाटलं. डिप खोटी आहे, आणि ती अंकलच देताहेत, हे मनाला लागत होतं. मग मी स्वतःची समजूत घातली की अंकलचे कोणी नातेवाईक तिथे एसी लावून बसले असतील, आणि म्हातारा बिचारा पाठीशी घालतोय. मी ते मनात ठेवलं. वेळ आली की बघू म्हटलं.

वेळ आली ती आमच्याकडे धूर होता त्या आठवड्यात. सिंगापुरात काही वर्षी शेजारच्या बेटांवरच्या जंगलांचा धूर येतो आणि दिवसचे दिवस उतरत नाही. सूर्य नारिंगी दिसतो, डोळे चुरचुरतात. आमच्या खिडकीसमोरची बँकेची इमारत तीन दिवस गायब होती. खाली रस्त्यावर तोंडाला मास्क लावलेली माणसं चालायची, पण वरून ती दिसायची नाहीत, फक्त सिग्नलचा टिकटिक आवाज वर यायचा. अशा एका सकाळी निरोप आला की तिकडच्या बंदरात बुडालेली बोट सापडली आहे, तिच्यात स्फोटकं असू शकतात, पाणबुडे तपासेपर्यंत एकही जहाज आत येणार नाही. आमचं भरलेलं जहाज बाहेर समुद्रात थांबून राहिलं. डेपोत पाच-सहा दिवसांचं तेल शिल्लक होतं आणि जहाज आत कधी जाईल ते कोणी सांगत नव्हतं.

सगळ्यांना थोडी थोडी कात्री लावली. इस्पितळाला हात लावायचा नाही, बेकरीचं निम्मं करायचं, सिनेमावाल्याचे दिवे बंद. तरी पूर्वेकडच्या छावणीचा प्रश्न राहिला. तिथल्या पाण्याच्या पंपाला रोज सुमारे दोनशे लिटर कमी पडत होते, आणि मुलांमध्ये जुलाबाची साथ सुरू झाली होती. पंप थांबला असता तर मुलं खड्ड्यातलं पाणी प्यायली असती. दोनशे लिटर कुठून आणायचे हे शोधायला मला एक मिनिटसुद्धा लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी फोनवर मी अंकलना सांगितलं की चौदा नंबर आजपासून बंद, ते तेल छावणीच्या पंपाला जाईल.  माझाच आवाज फिरून आला आणि म्हणाला, चौदा नंबर आजपासून बंद.

मग अंकल म्हणाले, ‘मॅडम, चौदाचं नका थांबवू. तिथे माणसं आहेत.’

‘किती?’

‘सत्त्याऐंशी.’

‘काय करतात ती तिथे?’

‘वाट बघतात.’

मी म्हटलं, वाट बघायची तर छावणीत बघू दे, तिथे पाणी तरी मिळेल. त्यांना सांगा हलायला. अंकल म्हणाले, ती हलणार नाहीत. मला राग आला. इकडे पोरं जुलाबाने आडवी पडलेली आणि ही मंडळी जागा सोडायला तयार नाहीत. मी आवाज चढवून विचारलं की अंकल, खरं सांगा, त्या टाकीवर तुम्ही रोज चढता का. ते म्हणाले, रोज चढतो. मी म्हटलं, मग आकडा सरळ कसा?  त्यांच्यामागे कोणीतरी खोकत होतं, एक बाई हळू आवाजात काही विचारत होती. शेवटी ते एवढंच म्हणाले, ‘ठीक आहे मॅडम, तुम्ही लिहा.’ मी शीटमध्ये चौदाच्या पुढे शून्य लिहिलं.

पुढचे चार दिवस मी समाधानात होते. पंप चालू राहिला. छावणीची डिप रोज हलत होती, जिवंत आकडा होता तो. चौदाच्या तेलाच्या रकान्यात शून्य आणि माणसांच्या रकान्यात सत्त्याऐंशी. पाचव्या सकाळी तोही आकडा बदलला. अंकलनी सांगितलं, ‘चौदा नंबर. तेल शून्य. माणसं शून्य.’

मी मिस्टर कोहना म्हटलंसुद्धा की बघा, फुकटचं तेल बंद झाल्याबरोबर सगळी उठून गेली. हे वाक्य मी बोलले आहे. ते माझंच आहे, दुसऱ्या कोणाच्या तोंडी घालता येणार नाही. मग फोन पुन्हा कानाला लावून मी अंकलना विचारलं की एका रात्रीत सत्त्याऐंशी माणसं गेली कुठे.

‘पुरली, मॅडम.’

मला वाटलं त्यांचं इंग्रजी चुकलं असेल. मी पुन्हा विचारलं. त्या दिवशी डेपोच्या ओसरीवर कोणी नव्हतं, म्हणून अंकल पहिल्यांदाच सगळं बोलले. बर्फाच्या कारखान्याच्या शीतघरात युद्धातले ओळख न पटलेले मृतदेह ठेवले होते. विहिरींतून, तळघरांतून, पडलेल्या घरांखालून अजून निघत होते ते लगेच पुरले जायचे, पण हे एकशे बारा युद्धाच्या शेवटच्या दिवसांतले होते, चेहरे ओळखू येण्यासारखे. नातेवाईक यायचे, ओळखायचे, घेऊन जायचे. म्हणून आकडा उतरत होता. आणि शीतघर आत शंभर असोत की ऐंशी, त्याच थंडीला चालवावं लागतं. म्हणून तेल तेवढंच लागत होतं. माझ्या शीटमधला सगळ्यात खरा आकडा तो होता.

मशीन बंद झाल्यावर त्यांनी दोन दिवस दार उघडलंच नाही. तिसऱ्या दिवशी उघडावं लागलं. चौथ्या दिवशी टेकडीवर रांगेने खड्डे खणले. जहाज सातव्या दिवशी आत गेलं.

मी विचारलं, मला सांगितलं का नाहीत? अंकल म्हणाले की फोन डेपोच्या ओसरीवर होता आणि सकाळी त्या वेळी नातेवाईक तिथेच बसलेले असायचे, हाताच्या अंतरावर. तिकडची रीत अशी की घरच्यांनी स्वतः बघून ओळखल्याशिवाय कोणी त्या माणसाला मेला म्हणत नाही. तोवर तो वाट बघत असतो. त्यांच्यासमोर, त्यांच्या माणसांबद्दल, परक्या बाईला फोनवर तो शब्द कसा सांगणार? ‘आणि मॅडम,’ ते म्हणाले, ‘तुम्ही फक्त किती ते विचारलंत.’ आवाजात राग नव्हता. वर म्हणाले की तुमच्या जागी मीही पाणीच दिलं असतं. ते ऐकून मला जास्त वाईट वाटलं. दोन दिवस सगळ्यांना आणखी थोडी कात्री लावली असती तर पाणी आणि थंडी दोन्ही भागलं असतं. मी नंतर हिशेब करून पाहिला. भागत होतं.

मिस्टर कोहनी मला घरी जायला सांगितलं. भर दुपारी मी एमआरटीने, म्हणजे मेट्रोने, हौगांगला आले. धुरात इमारतींचे ब्लॉक अर्धवट दिसत होते, वरचे मजले नव्हतेच. घरात कोणी नव्हतं. पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले आणि फ्रिजच्या मोटरचा आवाज ऐकत उभी राहिले. तो थांबला की माझा जीव घाबरायचा, पुन्हा सुरू झाला की दार उघडून बघावंसं वाटायचं आणि हात पुढे होत नव्हता. मिलिंद संध्याकाळी आला तेव्हा मी तिथेच होते. त्याने काही न विचारता मला खुर्चीवर बसवलं. सगळं ऐकल्यावर तो म्हणाला की रविवारी बुद्धवंदनेला सगळे जमतातच, गेलेल्यांसाठी करतात तसं त्यांच्यासाठी पुण्यानुमोदन करू. मी नको म्हटलं. आपल्याकडे पुण्यानुमोदनाला फोटो असतो, खाली नाव असतं. इथे नावाच्या जागी काय लिहायचं? चौदा नंबर?

त्यानंतर काही दिवसांनी अंकलनी एक विचारलं. शीतघराची किल्ली डेपोत असायची आणि आत जाणारे ते एकटेच, कारण सारखं दार उघडलं तर थंडी जायची. ओसरीवरची माणसं त्यांना खुणा सांगायची, हिरवा स्वेटर आहे का, पुढचा दात सोन्याचा आहे का. अंकल डिप घ्यायला गेले की आत जाऊन बघून यायचे, आणि जुळत असेल तरच त्या घरच्यांना आत न्यायचे. विसरायला नको म्हणून डिपच्या वहीच्या मागच्या पानांवर त्यांनी प्रत्येकाचं वर्णन लिहून ठेवलं होतं. पुरतानाही त्याच क्रमाने पुरलं होतं. मी विचारलं, तुमचं कोणी होतं का आत? ते म्हणाले, ‘नाही. म्हणून तर मी जाऊ शकत होतो.’ इथली छपरं गळतात, वही ओली होते, म्हणाले. तुमच्या संगणकात एक शीट कराल का?

रोजच्या ओळी झाल्या की ते वाचायचे आणि मी टाइप करायचे. नऊ सकाळी लागल्या. रॅफल्स प्लेसच्या त्या लखलखीत ऑफिसात बसून मी लिहीत होते, स्त्री, तरुण, वेणीला लाल रिबीन, उजव्या हाताला भाजल्याची जुनी खूण. प्रत्येक वाक्य त्या फोनवरून फिरून माझ्याच आवाजात मला ऐकू यायचं, कारण नीट लिहिलंय का ते बघायला मी परत वाचून दाखवायचे. खोलीत कोणीतरी बसून सगळं ऐकतंय असं वाटायचं. सत्त्याऐंशी ओळी आणि शेवटचा रकाना रिकामा, नावाचा.

दोन वर्षांनी तिकडे वीजघर सुरू झालं आणि आमचं काम संपलं. आनंदाचीच गोष्ट होती. अंकलनी माझ्या घरचा नंबर मागून घेतला आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहिला. त्यांच्याकडे येणारी माणसं अधूनमधून हौगांगला फोन करायची, कधी स्वतः, कधी इंग्रजी येणाऱ्या कोणाकडून. मी शीट उघडून वाचायचे. बहुतेकांचं जुळायचं नाही. काहींचं जुळायचं, मग मी नाव भरायचे आणि टेकडीवरचा नंबर सांगायचे. एकाही फोनवर मी सांगितलं नाही की थंडी कोणी बंद केली. कोणी विचारलंच नाही, आणि मीही गप्प बसले.

अंकल गेले असं त्यांच्या मुलाने कळवलं, त्यानंतर बरेच महिने फोन आला नाही. मग एका दुपारी आला. बाई होती, वय झालेली, पूर्वी शाळेत शिकवायची, इंग्रजी सावकाश आणि स्वच्छ. नवऱ्याबद्दल विचारत होती. मी चाळत चाळत बावन्नाव्या ओळीवर आले आणि वाचलं. पुरुष, पन्नाशीच्या पुढे. राखाडी शर्ट. डावा खिसा फाटून पुन्हा शिवलेला, वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने. एकाच पायात मोजा.

  तिने सांगितलं की ती तेव्हा सरहद्दीपलीकडे होती, तिला निरोप मिळाला होता की बहुधा शीतघरात ठेवले आहेत, नीट ठेवले आहेत, घाई नको. मुलीचं बाळंतपण उरकून ती निघाली. पोचली त्याच्या आदल्या दिवशीच पुरलं होतं. तेव्हा वहीतलं काही ऐकायला ती थांबलीच नाही, तशीच परत गेली. ‘तिथे शेवटपर्यंत थंडी होती का?’ तिने विचारलं. ‘कोणी मला नीट सांगत नाही.’

खिडकीतून खालच्या बसचा आवाज येत होता. मी म्हटलं, ‘नव्हती. चार दिवस नव्हती. तेल मी बंद केलं होतं. मी तेलाचं काम करायचे. आत कोण आहे ते मी विचारलं नाही.’

 तिने फोन ठेवावा असं मला वाटत होतं, आणि ठेवू नये असंही.

‘पुन्हा वाचा,’ ती म्हणाली.

मी वाचलं. पुरुष, पन्नाशीच्या पुढे. राखाडी शर्ट. डावा खिसा फाटून पुन्हा शिवलेला, वेगळ्या रंगाच्या...

‘निळा,’ ती म्हणाली. ‘राखाडी संपला होता. निळा दोरा होता.’

शीटमध्ये रंग लिहिलेला नव्हता. मी तो लिहिला. मग तिने नाव सांगितलं, एक एक अक्षर सुटं करून, आणि मी ते शेवटच्या रकान्यात भरलं.